ईपीएबीएक्स ते आयपी फोन: विद्यापीठाच्या आवारातला बदल

सोलापूर विद्यापीठाची स्थापना १ ऑगस्ट २००४ची. भारतात इंटरनेट टेलिफोनी (इंटरनेटच्या तंत्रानं, म्हणजे आयपीवरून, आवाज नेणं) कायदेशीर होऊन तेव्हा जेमतेम सव्वादोन वर्षं झाली होती. तंत्र त्याहून जुनं. इस्रायलच्या व्होकलटेकनं १९९५मध्ये संगणकावरून संगणकाशी बोलायचं सॉफ्टवेअर विकायला काढलं, १९९६मध्ये असे कॉल जुळवण्याचं एच.३२३ हे मानक आलं आणि १९९९मध्ये त्याच कामाचं एसआयपी. आपल्याकडे परदेशी कॉलची मक्तेदारी विदेश संचार निगमकडे होती. ती सुटली तेव्हा, एप्रिल २००२मध्ये, परवानगी मिळाली, पण अर्धीच. संगणकावरून परदेशातला फोन लागे, भारतातल्या लँडलाइनला किंवा मोबाइलला लावायची मुभा नव्हती. ती २०१८मध्ये मिळाली.

आवारातल्या आवारात आयपीवर बोलायला कुणाची हरकत नव्हती. अडचण होती ती आतला आवाज बाहेरच्या लाइनला जोडताना. पंढरपूर (०२१८६) किंवा बार्शीच्या (०२१८४) महाविद्यालयापर्यंत डेटा लाइनवरून कॉल न्यायचा, तिथं लोकल लाइनवर सोडायचा आणि एसटीडीचे पैसे वाचवायचे, ही युक्ती कुणालाही सुचेल. पण हा ‘टोल बायपास’. परवान्याच्या नियमांत तो बसत नसे. एकाच जिल्ह्यापुरत्या विद्यापीठालाही यातून सूट नव्हती.

म्हणून बरीच वर्षं ईपीएबीएक्स, म्हणजे आवारातलं स्वतःचं छोटं एक्स्चेंज, हाच टिकला. प्रत्येक एक्स्टेंशनला तांब्याची एक जोडी, मधे तारा जोडायचा टॅग ब्लॉक. विद्यापीठ आहे त्या केगावसारख्या माळावर इमारती लांब लांब असतात, आणि वळवाच्या पावसात वीज कडाडली की जमिनीखालच्या तांब्यातून लाट आत शिरून एक्स्टेंशन कार्डं जळतात. इमारती फायबरनं जोडल्या की हे संकट बरंचसं टळतं. फायबर वीज वाहून नेत नाही. इथरनेटच्या तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर असल्यामुळे लांबच्या इमारतींना फायबर तसाही लागतोच. एकदा तो टाकला की फोनसाठी वेगळं तांबं ओढायचं कशाला, इथून आयपी फोनचा विचार सुरू होतो. जोडीला एक्स्चेंजचं काम करणारं फुकटचं सॉफ्टवेअर अ‍ॅस्टेरिस्क १९९९पासून होतंच, आणि केबलमधूनच फोनला वीज पुरवण्याचं पीओई मानक २००३मध्ये आलं.

बँडविड्थची भीती उगाच घालतात. जी.७११ कोडेकचा (आवाजाचा डेटा करायची पद्धत) एक कॉल एका दिशेला सुमारे ८७ केबीपीएस घेतो. एकाच वेळी ४० कॉल चालू असले तरी साडेतीन एमबीपीएसच्या आसपास. खरा प्रश्न उशिराचा. आवाज एका दिशेला १५० मिलिसेकंदांच्या आत पोचला पाहिजे, नाहीतर दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात. त्यासाठी फोनचा व्हीलॅन, म्हणजे त्याच नेटवर्कमधला आभासी कप्पा, वेगळा ठेवायचा आणि आवाजाच्या पॅकेटांवर डीएससीपी ४६ची, म्हणजे ‘आधी सोडा’ अशी, खूण करायची. स्विच (नेटवर्कच्या केबल जिथं जुळतात ती पेटी) ती खूण मानतो की नाही, हे तपासायला मात्र लोक विसरतात.

विजेचंही तसंच. जुना साधा फोन एक्स्चेंजच्या बॅटरीवर चाले. आयपी फोन स्विच बंद पडला की बंद. चोवीस फोन, प्रत्येकी ५ वॅट, शिवाय स्विचचे ३० वॅट, म्हणजे १५० वॅट. १२ व्होल्ट, ४२ अँपिअर-तासांची नवी बॅटरी यावर दोन तास ओढते. सोलापूरच्या उन्हाळ्यात बंद खोलीत ठेवलेली बॅटरी लवकर म्हातारी होते, मग तेवढाही भरवसा उरत नाही.

बिघाड ठरलेले असतात. एका बाजूचाच आवाज येत असेल तर बहुधा नॅट (आतले पत्ते बाहेरसाठी बदलणारी सोय) किंवा फायरवॉल: कॉल जुळवणारं ५०६० पोर्ट उघडं असतं, आवाजाची आरटीपी पोर्टं बंद राहिलेली असतात. पलीकडच्यानं फोन ठेवला तरी बाहेरची लाइन अडकून राहत असेल, तर गेटवेला (आयपी आणि बाहेरची लाइन जोडणाऱ्या पेटीला) आपला बिझी टोन ओळखू येत नाही. तिथं ४०० हर्ट्झ, पाऊण सेकंद चालू, पाऊण सेकंद बंद असं भरावं लागतं. अख्ख्या इमारतीचे फोन एकदम गेले, तर टेबलं हलवली होती का ते विचारा. फोनच्या पाठीमागं दोन पोर्टं असतात, एक भिंतीकडे, दुसरं संगणकासाठी. सफाईनंतर कुणीतरी दोन्ही केबल भिंतीतच खोचतं आणि नेटवर्कमध्ये वेटोळं तयार होतं. स्विचवर असं वेटोळं ओळखून तोडणारं स्पॅनिंग ट्री चालू नसेल तर केबल शोधत खोलीखोलीतून फिरावं लागतं. आणि एक्स्टेंशनचा नंबर हाच पासवर्ड ठेवून सर्व्हर इंटरनेटवर उघडा टाकलात, तर रात्रीतून परदेशी कॉल लागतात आणि ते बिलावरच दिसतात.

आज बहुतेक बोलणं मोबाइलवरच होतं. टेबलावरचा फोन उरला आहे तो परीक्षा विभाग, वसतिगृह आणि गेट अशा ठिकाणी, जिथं नंबर माणसाचा नसून जागेचा असतो. गेटवर एक तांब्याची लाइनही राहू द्यावी. लाइट गेल्यावर आणि यूपीएस संपल्यावर तीच वाजते.