मान कडकन वाजते तेव्हा

नागपुरात एप्रिल लागला की कुलरसमोर रात्रभर एकाच कुशीवर झोपलेला माणूस सकाळी मान तिरकी करूनच उठतो. घरचे तेल चोळतात, शेकतात. तेवढ्यावर भागलं नाही तर कटिंगच्या दुकानात चंपीनंतर डोकं दोन्ही हातांत धरून एक झटका! कडकन आवाज आला की गडी खूश. मोबाइलवर कायरोप्रॅक्टिकचे, म्हणजे हाताच्या झटक्यानं मणके हलवण्याच्या उपचाराचे, व्हिडिओ खपतात तेही या आवाजावरच.

या उपचाराची सुरुवात 1895 मध्ये अमेरिकेतल्या डेव्हनपोर्ट गावात डी. डी. पामर यांनी केली. बहुतेक आजारांचं मूळ सरकलेल्या मणक्यांत असतं, हा त्यांचा दावा विज्ञानाच्या कसोटीवर टिकला नाही. मानदुखीपुरता मात्र हा उपचार झटकून टाकता येत नाही.

आधी तो आवाज. मणक्यांमागच्या लहान सांध्यांत वंगणासारखा द्रव असतो. सांधा झटक्यात ताणला की आतला दाब उतरतो आणि द्रवात पोकळी तयार होते. 2015 मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी बोटं मोडताना एमआरआय काढला, तेव्हा आवाजाच्या क्षणीच ही पोकळी उमटलेली दिसली. म्हणजे ‘हाड जागेवर बसलं’ असं काही तिथे होत नाही. झटक्यानंतर मान काही काळ मोकळी वाटते, दुखणंही कमी होऊ शकतं. पण आवाज आला म्हणून गुण आला, असं समजू नये.

2012 मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये 272 रुग्णांवरचा एक अभ्यास आला. मानदुखी फार जुनी नसलेल्या या लोकांपैकी काहींना मणक्यांवरचा हाताचा उपचार, काहींना औषधं आणि काहींना घरच्या घरी करायचे व्यायाम दिले. बारा आठवड्यांनी हाताचा उपचार औषधांपेक्षा सरस ठरला. मला यात खरी गंमत वाटते ती व्यायामवाल्यांची. दोनदा शिकून घेतलेल्या साध्या हालचालींवर ते जवळपास तितकेच बरे झाले! त्यातली एक मिहानमधल्या ऑफिसच्या खुर्चीतही जमते. नजर समोर ठेवायची आणि हनुवटी खाली न झुकवता सरळ मागे घ्यायची, कुणी हनुवटीवर बोट ठेवून ढकलल्यासारखी. डबल चिन दिसली की बरोबर जमलं. पाच-दहा वेळा करायचं, दिवसातून सहा-आठदा. फुकटचा उपचार असल्यामुळेच बहुधा कुणी करत नाही.

आता झटक्याची दुसरी बाजू. मेंदूकडे जाणाऱ्या दोन रोहिण्या मानेच्या मणक्यांमधल्या छिद्रांतून वर चढतात. मान जोरात पिळली तर त्यांचं आतलं अस्तर फाटू शकतं, तिथे गुठळी होऊन पक्षाघात येऊ शकतो. असं क्वचितच घडतं. पण भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही, त्यामुळे समोरचा काय शिकलाय हे तुम्हालाच विचारावं लागतं. न्हाव्याला तर विचारायचीही गरज नाही. मान त्याच्या हाती देऊच नका. हळुवार हालचालींनीही बहुतेकांना झटक्याइतकाच आराम पडतो, आणि ते काम फिजिओथेरपिस्ट करतात.

हाडं ठिसूळ असतील, संधिवात असेल किंवा नुकताच अपघात झाला असेल तर झटका नकोच. हाताला मुंग्या येत असतील, बोटांतली ताकद गेली असेल किंवा ताप येऊन मान आखडली असेल तर आधी डॉक्टर. मान अचानक असह्य दुखून चक्कर आली, एकाचे दोन दिसू लागले, बोलणं अडखळलं, तर मेडिकल असो की मेयो, जवळचं असेल ते रुग्णालय तातडीनं गाठा.