मिठाची बरणी आणि आबांच्या वह्या

जूनअखेर देवगडजवळच्या एका घरी गेलो होतो. त्या घरातले आबा कथा लिहायचे. छापील कथा दिवाळी अंकांत गेल्या, कच्चे खर्डे मात्र सगळे घरीच राहिले. त्यात शाळेच्या वह्या होत्या, संपादकांची पोस्टकार्डं होती, पाठकोऱ्या बाजूला संवाद लिहिलेली एक लग्नपत्रिका होती आणि बिस्किटांच्या डब्यात फोटो. ट्रंक उघडली तर कागदांआधी वास बाहेर आला. नातवाने विचारलं, “काका, ह्यां सगळां लॅमिनेट करून घेव काय?” मी जवळजवळ ओरडलोच. का, ते सांगतो, पण आधी मिठाकडे जाऊ.

कोकणात कागद पाण्याने मरतो असं सगळेच म्हणतात. म्हणजे कौलातली गळती, नाहीतर २२ जुलै २०२१ ला चिपळुणात घुसलं तसं वाशिष्ठीचं पाणी. ते डोळ्यांना दिसतं, म्हणून त्याची भीती वाटते. पण एकही कौल न गळणाऱ्या घरात दर पावसाळ्यात कागदाला बुरी धरते, ती हवेतल्या न दिसणाऱ्या पाण्यामुळे. त्याचं मोजमाप तुमच्या स्वयंपाकघरात आहे. शुद्ध मीठ सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की हवेतलं पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळू लागतं. (खड्याचं मीठ त्याच्याही आधी ओलं होतं, कारण त्यात मॅग्नेशियम क्लोराइड असतं आणि ते फारच हावरं.) बुरशीला साधारण ६५ टक्के पुरतात. म्हणजे बरणीत मिठाला पाणी सुटलेलं दिसतं, तेव्हा फडताळातल्या वह्यांवर बुरशीचा संसार थाटून झालेला असतो.

आता ही ‘सापेक्ष’ भानगड. माझा हा फार लाडका विषय आहे, तेव्हा जरा सोसा. २७ अंश सेल्सियसला एका घनमीटर जागेत जास्तीत जास्त सुमारे २६ ग्रॅम वाफ मावते. पावसाळी दिवशी तिथे २३ ग्रॅम असते, म्हणजे जवळपास ९० टक्के. आता कपाटात एक बल्ब लावा. कोकणात कितीतरी घरांत लावतात. आतली हवा ३२ अंशांवर गेली की तेवढ्याच जागेत ३४ ग्रॅम मावू शकते. वाफ तीच, २३ ग्रॅम, पण टक्का उतरून ६८ वर येतो. एक थेंबही बाहेर न काढता कपाट ‘कोरडं’ होतं. उलट तीच हवा २२ अंशांपर्यंत थंड केली तर तिथे १९ ग्रॅमच मावते आणि उरलेल्या चार ग्रॅमना पाणी व्हावंच लागतं. ताकाच्या थंड पेल्याला बाहेरून घाम फुटतो तो असा.

‘मावते’ हा शब्दही खरं तर चुकीचा आहे. हवा म्हणजे काही वाफ भरायचं पोतं नव्हे. पाण्याच्या पृष्ठभागावरून रेणू सतत सुटत असतात आणि सतत परतही येत असतात. दोन्हींचा वेग सारखा झाला की आपण म्हणतो, हवा संपृक्त झाली. सुटण्याचा वेग तापमानावर ठरतो, परतण्याचा वेग आधीच किती वाफ आहे त्यावर. नायट्रोजन, ऑक्सिजन यांचा त्यात जवळपास काहीच हात नसतो. हे डोक्यावरून गेलं तर जाऊ द्या, ताकाचा पेला तेवढा लक्षात ठेवा.

कारण तोच पेला मी एका संग्रहात पाहिला आहे. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा एसी, मग कुलूप. दिवसभर कागद २२ अंशांना थंड झालेले. सहानंतर दाराच्या फटीतून बाहेरची २३ ग्रॅमवाली हवा आत येते आणि त्या थंड कागदांना टेकते. पुढचं गणित वर केलंच आहे. एसी आहे म्हणून निर्धास्त असलेल्या त्या खोलीपेक्षा साधं माजघर बरं. तिथे आर्द्रता जास्त असली तरी रोज उड्या मारत नाही. उड्यांनी कागदाचे हाल होतात. एरवी कागदात त्याच्या वजनाच्या पाच-सात टक्के पाणी असतंच, ओलसर हवेत ते दुपटीवर जातं. तंतू लांबीपेक्षा जाडीत जास्त फुगतात, कडा आधी फुगतात, मधला भाग मागे राहतो, आणि पान पापडासारखं वाकडं होतं. फोटोवर तर जिलेटिनचा थर असतो. तो ओलाव्याने चिकट होतो आणि फ्रेमच्या काचेला असा धरून बसतो की काढायला गेलं तर चेहराच निघून येतो.

मग बल्बच लावावा का? इथे खरी पंचाईत आहे. जुन्नरी हातकागदावरचं मोडी पत्र अडीचशे वर्षांनी उलगडता येतं, आबांच्या १९६० च्या वहीचा कोपरा दुमडला तर तुकडा हातात येतो. जुना कागद चिंध्यांचा होता. नंतर लाकडाचा लगदा आला आणि शाई फुटू नये म्हणून तुरटी आणि राळ मिसळू लागले. ही युक्ती इलिग नावाच्या जर्मन माणसाने १८०७ मध्ये प्रसिद्ध केली. तुरटीमुळे कागदात आम्ल तयार होतं. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजची लांबलचक माळ. आम्ल आणि पाणी मिळून तिचे दुवे तोडतात. त्यात पाणी खर्ची पडतं, आम्ल मात्र जसंच्या तसं शिल्लक राहून पुढच्या दुव्याकडे वळतं. शिवाय कुजणारा कागद स्वतः नवं आम्ल तयार करतो. दर दहा अंशांमागे हा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणजे बल्बने बुरशीला आळा बसतो आणि आम्लाला ऊब मिळते. कौलांखालचा माळा तर मे महिन्यात भट्टीच असतो. ट्रंक तिथे ठेवू नका.

लॅमिनेशन नको ते यासाठीच. आम्ल आत कोंडलं जातं, वर तापवलेलं प्लॅस्टिक, आणि ते पुन्हा काढता येत नाही. जाणकार आज फाटकं पान पातळ टिश्यू आणि पिष्टाच्या खळीने जोडतात. ती खळ उद्या ओल्या बोळ्याने सोडवता येते.

पोथ्या लाल कापडात बांधतात, लाल रंगाला कीड भिते म्हणे. कसरीला रंगाचं काही पडलेलं नसतं. काम करतं ते घट्ट बांधलेलं सुती कापड. तेही सेल्युलोजच, बाहेरची ओल आधी ते पितं आणि उड्या सौम्य होतात. पेशवे दफ्तरातल्या गठ्ठ्यांना ‘रुमाल’ म्हणतात ते उगीच नाही. वहीत मोरपीस ठेवल्याने विद्या येते की नाही ते मला ठाऊक नाही. पिसं खाणारे किडे मात्र येऊ शकतात.

आणि स्कॅन करून ठेवलं की अमर झालं, हेही तसंच एक मोरपीस. स्कॅन जरूर करा. पण आबांनी खोडलेल्या ओळीखाली पेन्सिलीचा दाब उमटलेला आहे, तो तिरप्या उजेडातच दिसतो.

त्या दिवशी आम्ही गंजलेल्या टाचण्या काढल्या. खाऱ्या वाऱ्यात लोखंड लवकर गंजतं आणि त्यातलं लोह कागदाला भोक पडेपर्यंत खातं. वह्यांत चिकटवलेली वर्तमानपत्राची कात्रणं सुटी केली, त्यांच्यामागे पानांवर तपकिरी चौकोन उमटले होते. सगळं झाकणाच्या घट्ट डब्यांत घातलं, सोबत ओल शोषणारी, भाजून कोरडी केलेली सिलिका जेल, आणि डबे माजघरातल्या आतल्या भिंतीशी. ओटीवर आर्द्रतामापक ९१ दाखवत होता, माजघरात ८४. आठ दिवसांनी नातवाचा फोन आला, डब्यात ५८. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की पुन्हा भाजायचे, हे त्याला दोनदा सांगितलं. चतुर्थीला मुंबईकर येतील, घर रंगवायला काढतील आणि कोणीतरी डबे उचलून माळ्यावर टाकील, ही धास्ती मात्र अजून आहे.