जलसंजीवनीच्या पाकिटातलं मीठ : ९० की ७५?

पंचगंगेचा पूर ओसरला की कोल्हापुरात पहिली धास्ती गॅस्ट्रोची. मग जलसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची, पाकिटं आठवतात. त्यांच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं असतं : मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, एक लिटर पाण्यासाठी. या २.६ वर मोठी भांडणं झाली आहेत.

शरीर आतलं वातावरण स्थिर राखतं, हा विचार एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समधला. त्याला १९२६ साली अमेरिकेत नाव मिळालं. आपण समस्थिती म्हणतो. जुलाबात तीच ढळते. पटकीच्या (कॉलराच्या) रोग्याच्या शिरेत मिठाचं पाणी सोडून तर १८३२ सालीच स्कॉटलंडमध्ये पाहिलं होतं. पुढे ते विस्मरणात गेलं.

कलाटणी १९६० नंतरची. आतड्याची पेशी ग्लुकोज आत घेताना मिठातलं सोडियमही ओढते, मागोमाग पाणी येतं. पटकीतही ही वाट उघडी राहते. १९६८ साली ढाक्यात रोग्यांवर हे सिद्ध झालं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन अपुरं पडलं, तेव्हा हेच पाणी पिंपांत भरून पाजलं गेलं. तीस टक्क्यांच्या घरातले मृत्यू चार टक्क्यांच्या आत आले.

१९७० च्या दशकात जगासाठी एकच पाकीट ठरलं : लिटरमागे सोडियम ९० मिलिमोल (विरघळलेले कण मोजायचं एकक). आकडा उघड तडजोडीचा. पटकीत मोठ्या माणसाच्या जुलाबातून शंभराहून बरंच जास्त सोडियम जातं, बाळाच्या साध्या जुलाबातून त्याच्या निम्म्याहून कमी. शिवाय द्रावणाची एकूण तीव्रता, म्हणजे विरघळलेल्या सगळ्या कणांचं प्रमाण, ३११, म्हणजे रक्तापेक्षा जास्त. असं पाणी आतड्यात उलटं पाणी खेचू शकतं, हा बालरोगतज्ज्ञांचा आक्षेप. २००२ साली सोडियम ७५ आणि तीव्रता २४५ वर आली; २.६ ग्रॅम मिठाचं पाकीट ते हेच. मुलांवरच्या चाचण्यांत सलाइन लावायची वेळ सुमारे एक तृतीयांशाने कमी आली होती, ओकाऱ्याही घटल्या होत्या. पटकीचे रोगी हाताळणारे मात्र अस्वस्थ होते : मोठ्या माणसाचं सोडियम घसरून झटके आले तर? मग दोन पाकिटं का नकोत? तर दवाखान्यात घोटाळा होईल म्हणून. निर्णय चुकला असं मला वाटत नाही, पण हिशेब मुलांचा धरला आणि मोठ्यांना त्यात बसवलं, हे मान्य करायला हवं.

आमच्या शेजारच्या काकू तर पेलाभर पाण्यात अर्धं पाकीट ओततात. तिथे ९० काय नि ७५ काय!

बांगलादेशात १९८० पासून दारोदार जाऊन आयांना चिमूटभर मीठ आणि मूठभर गुळाचं पाणी शिकवलं गेलं. गुऱ्हाळांच्या जिल्ह्यातल्या माणसाला याचं अप्रूप वाटणारच. गुळात पोटॅशियमही असतं, आणि जुलाबात तेही जातं. पण मूठ प्रत्येकीची वेगळी. म्हणून चवीची खूण ठरली : पाणी आसवांहून खारट लागता कामा नये.

अलीकडचा वाद मिठाचा नाही, साखरेचा आहे. मेडिकलमध्ये 'ओआरएस' नावाने गोड पेयं खोक्यांतून विकली जात होती. पाकिटाच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर ती अक्षरं छापायला ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाच्या अन्न नियामकाने मनाई केली.