हायपरबेरिक ऑक्सिजन: रुग्णालयातला आणि खेळाडूंचा

हायपरबेरिक ऑक्सिजन थेरपीबद्दल, म्हणजे बंद चेंबरमध्ये दाब वाढवून ऑक्सिजन देण्याच्या उपचाराबद्दल, कोणी काही सांगू लागलं, की आधी दोन गोष्टी विचाराव्यात. आत दाब किती असतो? आणि श्वासावाटे काय जातं, शुद्ध ऑक्सिजन की साधी हवा? एवढ्यावरून कळतं, की बोलणं रुग्णालयातल्या उपचाराबद्दल चाललंय की खेळाडूंचा थकवा-दुखणं घालवण्यासाठीच्या रिकव्हरी सेंटरमधल्या पेटीबद्दल. नाव दोन्हींना एकच दिलं जातं आणि फोटोतही फारसा फरक दिसत नाही. त्यामुळे एकीची पुण्याई दुसरीच्या खात्यावर जमा होते.

रुग्णालयातलं चेंबर पोलादी किंवा जाड ॲक्रिलिकचं असतं. आतला दाब समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाच्या २ ते ३ पट नेतात आणि रुग्ण शुद्ध ऑक्सिजन घेतो. १.४ पटीपेक्षा कमी दाबाला या क्षेत्रातले तज्ज्ञ हायपरबेरिक उपचार म्हणतच नाहीत. रिकव्हरीसाठी खपणारी मऊ पेटी मात्र चेन लावून बंद करायची आणि हवेने फुगवायची असते. तिच्यातला दाब साधारण १.३ पट, आणि आत बहुतेक वेळा साधी हवाच भरलेली.

आता हिशेब करून पाहा. हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. दाब १.३ पट केला की श्वासाला मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीवर २७ टक्के ऑक्सिजनची हवा घेतल्याइतका होतो. वॉर्डात नाकाला नळी लावून मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजन सोडला, तरी साधारण तेवढंच साधतं. उलट २.४ पट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घेतला, तर त्या ऑक्सिजनचा दाब मऊ पेटीतल्या ऑक्सिजनच्या जवळजवळ नऊपट असतो. इतक्या तफावतीनंतर दोन्हींना एकच उपचार म्हणणं मला पटत नाही.

अर्थात काही व्यावसायिक खेळाडू खऱ्या, कडक चेंबरमध्येही बसतात. म्हणून नुसत्या दाबावर विषय संपत नाही. शरीरात नेमकं काय बिघडलंय, हे पाहावं लागतं.

निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन ९७-९८ टक्के ऑक्सिजनने आधीच भरलेलं असतं. तिथे आणखी जागा नाही. दाब वाढवला की जास्तीचा ऑक्सिजन रक्तातल्या द्रवात, म्हणजे प्लाझ्मात विरघळतो. एरवी १०० मिलिलिटर रक्तात असा विरघळलेला ऑक्सिजन जेमतेम ०.३ मिलिलिटर असतो. तिप्पट दाबाला शुद्ध ऑक्सिजन घेतला, तर तो ६ मिलिलिटरच्या आसपास जातो, आणि विश्रांत शरीराची गरज तेवढ्यात भागते. ॲमस्टरडॅमचे शल्यविशारद इटे बुरेमा यांनी १९६० साली हे डुकरांवर दाखवून दिलं. डुकरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी जवळपास सगळ्या काढून घेतल्या, तरी तिप्पट दाबाच्या ऑक्सिजनमध्ये ती जगली.

आणीबाणीच्या वैद्यकात हाच गुण कामी येतो. बंद खोलीत शेगडी किंवा जनरेटर चालू राहिला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. त्यात एक फसवी गोष्ट घडते. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइड धरून बसलेल्या हिमोग्लोबिनलाही ऑक्सिजनयुक्तच समजतो. माणूस गुदमरत असतो आणि आकडा ९८ दाखवतो. म्हणून निदानासाठी रक्ताचीच वेगळी तपासणी करावी लागते. साध्या हवेत हे विष निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. तोंडावर घट्ट मास्क लावून शुद्ध ऑक्सिजन दिला तर सव्वा ते दीड तास, आणि तिप्पट दाबाच्या चेंबरमध्ये वीस-पंचवीस मिनिटं.

तरीही इथे सगळं ठरलेलं आहे असं नाही. २००२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या चाचणीत, सहा आठवड्यांनी स्मरणशक्ती-एकाग्रतेच्या तक्रारी चेंबरमध्ये उपचार झालेल्या २५ टक्के रुग्णांत आढळल्या, तर नुसता साध्या दाबाचा ऑक्सिजन मिळालेल्या ४६ टक्के रुग्णांत. त्याआधी १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत फायदा दिसला नव्हता. त्यामुळे शुद्ध हरपलेला रुग्ण, गरोदर स्त्री, मेंदूवर किंवा हृदयावर परिणाम झालेला रुग्ण अशांचा चेंबरसाठी प्राधान्याने विचार होतो. मास्कने ऑक्सिजन मात्र प्रत्येकाला, आणि तोही तत्काळ. चेंबर मिळेपर्यंत थांबायचं नाही.

खोल पाण्यात बुडी मारणाऱ्या पाणबुड्यांच्या बाबतीत असा वाद नाही. खोल पाण्यात दाबामुळे नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो. पाणबुड्या भराभर वर आला, की सोड्याची बाटली झटकन उघडल्यावर होतं तसं होतं: बुडबुडे सुटतात. सांधे असह्य दुखतात, पायांतली ताकद जाते, कधी बुडबुडा मेंदूपर्यंत पोहोचतो. चेंबरमध्ये दाब वाढवला की बुडबुडे आक्रसतात आणि शुद्ध ऑक्सिजनमुळे त्यांतला नायट्रोजन बाहेर पडतो. अमेरिकी नौदलाचं ‘ट्रीटमेंट टेबल ६’ जगभर वापरलं जातं. रुग्णाला १८ मीटर खोल पाण्यात असतो तेवढ्या, म्हणजे २.८ पट दाबावर नेतात. वीस मिनिटं ऑक्सिजन, पाच मिनिटं साधी हवा, पुन्हा ऑक्सिजन, मग हळूहळू ९ मीटरवर आणून तिथे आणखी लांब फेऱ्या. सगळं मिळून पावणेपाच तास. मधली साधी हवा विश्रांतीसाठी नसते. इतक्या दाबाचा ऑक्सिजन मेंदूला विषारी ठरून झटके येऊ शकतात, ते टाळण्यासाठी ती असते.

गॅस गँग्रीनमध्ये, म्हणजे जखमेत जंतू शिरून मांस सडतं तेव्हा, ऑक्सिजन जंतूंचं विष तयार होणं रोखतो, पण शस्त्रक्रिया आणि प्रतिजैविकांच्या जोडीला, त्यांच्याऐवजी नव्हे. चिरडलेल्या हातापायांना रक्तपुरवठा तुटपुंजा असतो, तिथेही दाबाखालचा ऑक्सिजन देतात. या सगळ्या आजारांत एक समान धागा आहे. कुठे ऑक्सिजन पोहोचत नाही, कुठे बुडबुडे अडलेत, कुठे ऑक्सिजन न सोसणारे जंतू माजलेत. दाबाखालचा ऑक्सिजन थेट त्या मुळावरच घाव घालतो.

आता खेळाडूचा दुखरा स्नायू घ्या. जोरदार सरावानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या धरतात, जिना उतरवत नाही. हे दुखणं ऑक्सिजन कमी पडल्याचं नसतं. स्नायूतंतूंना सूक्ष्म इजा होते आणि तिच्या दुरुस्तीसाठी दाह होतो. तिथला रक्तपुरवठा शाबूत असतो, हिमोग्लोबिन भरलेलं असतं. मग जास्तीचा ऑक्सिजन नेमकं काय करणार? वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेच्या आढाव्यात या दुखण्यावरच्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा चेंबरमुळे बरं होण्याचा वेग वाढल्याचा पुरावा सापडला नाही. उलट दोन-तीन दिवसांनी चेंबरवाल्या गटात वेदना थोड्या जास्तच होत्या. मुरगळलेल्या घोट्यावरच्या चाचणीतही खेळाडू लवकर मैदानात परतले नाहीत. चेंबरमधून उठल्यावर बरं वाटलं, हा अनुभव मी खोटा म्हणत नाही. तासभर फोनशिवाय शांत पडून राहिलं की थकलेल्या माणसाला बरं वाटतंच. पण त्याचं श्रेय ऑक्सिजनला द्यायला आधार नाही.

खेळाडूचं हाड मोडून आजूबाजूचं मांस चिरडलं गेलं, तर गोष्ट वेगळी. तेव्हा तो रुग्ण असतो, आणि निर्णय अस्थिरोगतज्ज्ञ व हायपरबेरिक तज्ज्ञांनी घ्यायचा असतो.

गोंधळात आणखी एक भर पडते. काही खेळाडू जे तंबू किंवा खोल्या वापरतात, त्या ‘अल्टिट्यूड’ प्रकारच्या असतात. तिथे ऑक्सिजन मुद्दाम कमी ठेवतात, जेणेकरून शरीराने तांबड्या पेशी वाढवाव्यात. हायपरबेरिकच्या बरोबर उलट! बातम्यांत दोन्हींची सर्रास ‘ऑक्सिजन चेंबर’ म्हणून सरमिसळ होते.

मऊ पेटी निरुपयोगी आहे असंही नाही. तिची खरी जागा उंच डोंगरावर आहे. तिथे ‘गॅमो बॅग’ नावाची पिशवी पायपंपाने फुगवतात. चार हजार मीटरवर हवेचा दाबच इतका कमी असतो, की पिशवीतल्या थोड्याशा वाढीनेही रुग्ण दीडेक हजार मीटर खाली उतरल्यासारखा होतो. मेंदूला सूज आलेल्या किंवा फुप्फुसांत पाणी भरलेल्या गिर्यारोहकाला तेवढी उसंत खाली पोहोचेपर्यंत तारते. समुद्रसपाटीवरच्या धडधाकट धावपटूला त्याच वाढीची काहीच गरज नसते.

आणि धोका दोन्हीकडे आहे. सर्वांत जास्त त्रास कानांना होतो. दाब चढताना आवंढा गिळून किंवा नाक दाबून कान मोकळे करता आले नाहीत, तर पडद्याला इजा होते. फुप्फुस फुटून छातीत हवा साठली असेल, तर ती काढल्याशिवाय चेंबरमध्ये जायचंच नाही. ऑक्सिजनने भरलेल्या चेंबरमध्ये ठिणगी प्राणघातक ठरते. १९९७ मध्ये मिलानच्या रुग्णालयात चेंबरला आग लागून ११ जण दगावले. म्हणून शिस्तीच्या ठिकाणी सुती कपडे देतात, तेल-क्रीम पुसायला लावतात, मोबाइल, लायटर, हात शेकायची साधनं बाहेर काढून घेतात आणि प्रशिक्षित माणूस पूर्ण वेळ बाहेर थांबतो. रिकव्हरी सेंटरमध्ये कडक चेंबर असेल आणि यातलं काही विचारलंच गेलं नाही, तर आत पाऊल टाकू नये.