छतावर सोलर लावण्याआधी एवढं वाचा

दुकानात येणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी ‘सबसिडी किती?’ असंच विचारतो, म्हणून तेच आधी. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला १ किलोवॉटला ३० हजार, २ किलोवॉटला ६० हजार आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार रुपये मिळतात. संच सुरू झाल्यावर पैसे थेट तुमच्या खात्यात येतात, आमच्याकडे नाही.

खरी कमाई मात्र नेट मीटरची, म्हणजे घेतलेली आणि दिलेली अशी दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरची. २००३ च्या वीज कायद्याने अपारंपरिक विजेला चालना देण्याचं काम राज्याच्या वीज नियामक आयोगावर टाकलं. आपल्या आयोगाने २०१५ मध्ये नेट मीटरिंगचे नियम केले आणि २०१९ मध्ये नवे आणले. दुपारी घरात न लागलेली वीज महावितरणच्या लाइनीत जाते, मीटर ती मोजतो आणि रात्री वापरलेल्या युनिटमधून ती वजा होते. महिन्याअखेर उरलं तर पुढच्या महिन्यात धरतात. ३१ मार्चला हिशेब मिटतो. तेव्हा उरलेल्या युनिटचे पैसे मिळतात, पण तुम्ही बिल भरता त्या दराच्या मानाने बरेच कमी. स्थिर आकार तर बिलात राहतोच, त्यामुळे ‘बिल शून्य’ची पाटी वाचून कोणाला पैसे देऊ नका.

म्हणूनच गरजेपेक्षा मोठा संच नको. १ किलोवॉटमागे आपल्याकडे सरासरी दिवसाला ४ युनिट धरा. महिन्याला १५० युनिट लागत असतील तर दीड-दोन किलोवॉट पुरे. ७८ हजारांच्या मोहात ३ किलोवॉटचा लावून वरची वीज स्वस्तात देण्यात काय हशील? (मोठा संच विकला तर आमचाच फायदा, तरी सांगतो.) कूलरचे महिने धरून वर्षभराची बिलं पाहूनच आकार ठरवू.

मे महिन्यात ऊन कडक म्हणजे वीज जास्त, असंही नाही. पॅनल तापलं की दर अंशामागे उत्पादन साधारण ०.३ ते ०.४ टक्क्याने घटतं. म्हणून टिनाला चिकटवून बसवत नाही, खालून हवा खेळेल एवढी उंची ठेवतो. कवेलूच्या घरावर बसवतच नाही. अंगणात लोखंडी स्टँड करतो. धुवायचं ते सकाळी. भर दुपारी तापलेल्या काचेवर बोअरचं गार पाणी मारलं तर काच तडकू शकते, शिवाय क्षाराचे पांढरे डाग पडतात.

लाइन गेली की साधा सोलर संचही बंद पडतो, भर उन्हात. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला उलट्या विजेचा झटका बसू नये म्हणून सोलरचा इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरच्या वापराची करणारा डबा) तसाच बनवलेला असतो. लोडशेडिंगमध्ये पंखा हवा तर बॅटरीवाला संच घ्यावा लागतो, त्याचा खर्च वेगळा.

शेतातल्या मोटारीचं गणित निराळं. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’मध्ये शेतकऱ्याचा वाटा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीसाठी ५ टक्के. अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यावर साडेसात एचपीचा पंप मिळतो. रानडुकरांच्या भीतीने रात्री ओलिताला न जाता दिवसाच संत्र्याला पाणी देता येतं, हे आम्हाला बिलापेक्षा मोठं वाटतं.

छताच्या अर्जात गाडी अडते ती बहुतेक वेळा नावावर. घर तुमचं, पण बिल अजून वारलेल्या आजोबांच्या नावाने येतं. अर्ज वीजजोडणीच्या नावानेच होतो, तेव्हा आधी महावितरणमध्ये नावबदल करून घ्या. मग येताना वर्षभराची बिलं, आधार आणि पासबुक आणा.