सेन्सर गया, भिया!

आमच्या रामबागेतल्या एका काकांच्या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला. गॅरेजवाल्यानं स्टिअरिंगखाली केबल खुपसली, लॅपटॉप उघडला आणि पाच मिनिटांत निकाल दिला, "ऑक्सिजन सेन्सर गया, भिया." कॉम्प्युटरच म्हणतोय म्हटल्यावर काका गप्प. नवा सेन्सर बसला. चार दिवसांनी दिवा पुन्हा हजर!

लॅपटॉपवर कोड होता पी०१७१. त्याचा अर्थ एवढाच, की मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, हवा जास्त होतेय. उलट सेन्सरनं चहाडी अगदी इमानानं केली होती, आणि त्यालाच फाशी झाली.

ज्यात केबल लावतात ते सोळा पिनांचं सॉकेट मुळात मेकॅनिकच्या सोयीसाठी आलंच नाही; ते आलं धुरावर नजर ठेवायला. अमेरिकेत १९९६च्या मॉडेलपासून ते सक्तीचं झालं. या सॉकेटमागच्या धूर-पहाऱ्याच्या यंत्रणेचं नाव ओबीडी-२; आपल्याकडे तिचा नियम २०१३ मध्ये आला.

आता गंमत. १ ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. धुराच्या नळीतला सेन्सर उरलेला ऑक्सिजन हुंगतो: ऑक्सिजन उरला तर ०.१ व्होल्टच्या आसपास, नाही उरला तर ०.९ च्या. ते पाहून इंजिनाचा कॉम्प्युटर पेट्रोल कमीजास्त करत राहतो. ठरल्यापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी द्यावं लागतंय, त्या आकड्याला फ्युएल ट्रिम म्हणतात. लॅपटॉप विचारतो '०१ ०७', म्हणजे 'ट्रिम किती?', उत्तर येतं '४१ ०७ ए०'. त्यातला शेवटचा ए० हा खरा आकडा. इथे मोजणी दहाऐवजी सोळाच्या पटीत चालते आणि ए म्हणजे १०, म्हणून सोळा दाहे १६०. त्यातून १२८ वजा केले, उरले ३२. भागिले १२८, म्हणजे अधिक २५ टक्के. कोडपेक्षा मला हा आकडा जास्त प्यारा.

कारण तो हलतो. काकांच्या गाडीत आत जाणारी हवा मोजणारा सेन्सर आहे. समजा, गाडी जागेवर उभी असताना सेकंदाला ३ ग्रॅम हवा मोजली जातेय आणि फटीतून ०.७५ ग्रॅम चोरून शिरतेय. झाले २५ टक्के. आता रेस देऊन इंजिन मिनिटाला २५०० फेऱ्यांवर न्या. मोजलेली हवा १५ ग्रॅम. चोरी तेवढीच धरली तरी ती ५ टक्क्यांवर आली! म्हणजे ट्रिम रेस दिल्यावर उतरला तर हवेची गळती शोधा. उलट चढावर, जोर लागल्यावर वाढला, तर पेट्रोलचा पंप किंवा फिल्टर बघा. हवेऐवजी दाब मोजणाऱ्या गाड्यांत हे गणित असं चालत नाही, तिथे ही युक्ती लावू नका.

याच सॉकेटात खोचायचे 'मायलेज वाढवणारे' डबेही बाजारात मिळतात. उघडून पाहिलेल्या अशा काही डब्यांत लुकलुकणाऱ्या दिव्यांपलीकडे काही निघालं नाही. त्यापेक्षा बंपरला टांगलेलं लिंबू-मिरची बरं, स्वस्त तरी पडतं.

रविवारी मी माझा लॅपटॉप घेऊन काकांकडे गेलो. गाडी उभी असताना ट्रिम २५, रेस दिल्यावर ६. बोनेट उघडलं, तर इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्याला, जोडलेली बोटभर जाडीची रबरी नळी खालच्या बाजूनं तडकलेली. काकांनी जुना सेन्सर कागदात गुंडाळून जपून ठेवला होता. आम्ही तोच परत बसवला.