कांस्यनाणी, रोमन साम्राज्यकालीन

सोने व चांदी वगळून इतर धातूंत पाडलेली रोमन नाणी. ‘कांस्य’ हे नाव रूढ असले, तरी ऑगस्टसच्या चलनसुधारणेनंतर (सु. इ. स. पू. २३, काही अभ्यासक ती थोडी पुढे नेतात) सेस्टर्शियस व दुपोंडियस ही नाणी पितळेची आणि अ‍ॅस तांब्याचे असे. चार अ‍ॅसचा एक सेस्टर्शियस व चार सेस्टर्शियसचा एक चांदीचा दिनारियस होई. सेस्टर्शियसचे वजन सुमारे २५ ग्रॅम भरते.

यांपैकी बहुतेक नाण्यांवर ‘एस. सी.’ (सिनेटच्या ठरावानुसार) ही अक्षरे आढळतात. त्यांच्या अर्थाविषयी दीर्घकाळ वाद आहे. सोन्याचांदीचे चलन सम्राटाकडे व हलक्या धातूंचे सिनेटकडे होते, असे जर्मन इतिहासकार मोम्सेनने मांडले. नाणकशास्त्रज्ञ क्राफ्टच्या मते (१९६२) ही अक्षरे नाणे पाडण्याच्या अधिकाराशी निगडित नसून नाण्यावर दाखविलेल्या, सिनेटने ऑगस्टसला बहाल केलेल्या ओकपर्णांच्या मुकुटासारख्या सन्मानांना उद्देशून आहेत. ऑगस्टसच्या सेस्टर्शियसला हे चपखल लागू पडते; परंतु सन्मानांचा मागमूस नसलेल्या पुढील नाण्यांवरही अक्षरे कायम राहिली. नव्या चलनाला सिनेटने दिलेल्या मान्यतेचा तो निर्देश असावा, हे तिसरे मत त्यामुळे अधिक सयुक्तिक वाटते.

दर्शनी बाजूस सम्राटाची मुखाकृती व बिरुदे असत. नीरोच्या लुग्दुनुम (आजचे लिआँ) टाकसाळीतील नाण्यांवर गळ्याच्या टोकाशी इवलासा गोल दिसतो. रोममधील नाणी त्यावरून वेगळी ओळखता येतात. कलेच्या दृष्टीने मागील बाजू सरस ठरते. नीरोच्या एका सेस्टर्शियसवर ऑस्टियाचे बंदर जणू वरून पाहिल्यासारखे कोरले आहे: मध्ये गलबते, खाली हातात सुकाणू घेऊन पहुडलेली देवता. व्हेस्पेझियनच्या नाण्यांवर खजुराच्या झाडाखाली शोकमग्न बसलेली स्त्री म्हणजे पराभूत जुडीया (ज्यूंचा प्रदेश). तितुसच्या नाण्यावरील (८०-८१) कलोसियममध्ये प्रेक्षक बारीक ठिपक्यांनी दाखविले आहेत. एवढ्याशा पटलावर साधलेले हे काम थक्क करणारे आहे.

तिसऱ्या शतकात चांदीच्या नाण्यांचा कस घसरल्यावर सेस्टर्शियस पाडणे परवडेना. २६० नंतर ते जवळजवळ लुप्त झाले. डायोक्लीशनने सु. २९४ मध्ये चांदीचा पातळ मुलामा दिलेले नवे कांस्यनाणे काढले. भारतात सापडलेली आरंभीच्या साम्राज्यकाळातील रोमन नाणी बहुतांशी सोन्याचांदीची आहेत. चौथ्या-पाचव्या शतकांतील लहान कांस्यनाणी मात्र तमिळनाडू व श्रीलंका येथे विपुल मिळाली आहेत.